घरातील कार्यालय आणि आगीपासून सुरक्षितता : जबाबदारी कोणाची?

पूर्वी नोकरीचे ठिकाण आणि राहते घर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सकाळी डबा घेऊन बाहेर पडावे आणि संध्याकाळी परत यावे, हा नोकरदार माणसाचा क्रम होता. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि हा क्रम एका रात्रीत मोडला. टाळेबंदी उठली, परंतु घरून काम करण्याची पद्धत काही पूर्णपणे गेली नाही. आज आपल्या अनेक सभासदांची मुलेमुली आठवड्यातील काही दिवस घरीच संगणकासमोर बसून नोकरी करतात. कोणी घरी शिकवणी घेतो, कोणी पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे काम करतो, कोणी भगिनी शिवणयंत्र चालवून संसाराला हातभार लावतात. ही सर्व घरातील कार्यालयेच होत.

कार्यालय घरात आले, ही चांगली गोष्ट झाली. प्रवासाचा वेळ वाचला, चार पैसे वाचले. परंतु कार्यालयातील आगीपासून बचावाची व्यवस्था कार्यालयाबरोबर घरात आली काय? या एकाच प्रश्नाचा विचार आपल्याला या लेखात करावयाचा आहे.

शाखेतील शिस्त आणि घरातील बेफिकिरी

आम्ही बँकेत कारकून आहोत. शाखेत भिंतीवर अग्निशामक नळकांडी टांगलेली असतात. त्यांवर पुढील तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी असते. अधूनमधून प्रात्यक्षिक होते. संध्याकाळी शेवटी बाहेर पडणारा कर्मचारी पंखे, दिवे, संगणक बंद झाले की नाही ते पाहतो. हे सारे आम्ही वीस वर्षे पाहत आलो आणि प्रात्यक्षिकाच्या हजेरीपत्रकावर सहीही करीत आलो.

२०२१ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमचा पुतण्या तेव्हा आमच्याकडे राहून घरून नोकरी करीत होता. त्याच्यासाठी पलंगाशेजारी टेबल मांडले होते. भिंतीत प्लग एकच, म्हणून बाजारातून एक स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड आणला. त्यावर लॅपटॉप, मॉनिटर, राउटर आणि दोन मोबाईल. बोर्ड पलंगाखाली सरकवून दिला, म्हणजे पायात येणार नाही. एके दिवशी संध्याकाळी सौ.ने त्याच बोर्डाला इस्त्री लावली. थोड्या वेळाने पुतण्या म्हणाला, "काका, काहीतरी जळल्याचा वास येतोय." पलंगाखाली वाकून पाहतो तो बोर्ड वितळून काळा झालेला, आणि गादीच्या खोळीच्या कडेला ठिणगी धरलेली.

आम्ही धावत जाऊन पाण्याची बादली उचलली. शेजारच्या मावशी आवाज ऐकून दारात आल्या होत्या. त्या ओरडल्या, "अहो, पाणी काय टाकता? आधी मेन बंद करा!" आणि त्या क्षणी आमच्या लक्षात आले की, मेन स्विचपुढे आम्हीच वर्षभरापूर्वी कपाट उभे केले होते. कपाट सरकवायला दोघे जण लागले. मेन बंद झाल्यावर जाड सतरंजी दाबून ठिणगी विझवली. नुकसान म्हणाल तर एक गादी आणि एक बोर्ड. परंतु घरातील माणसे त्या वेळी झोपेत असती तर? या विचाराने आम्हाला त्या रात्री झोप आली नाही. शाखेत जे आम्हाला पाठ होते, त्यातील एकही गोष्ट आमच्या घरात नव्हती.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. कार्यालयात आगीची काळजी घेणारा कोणीतरी नेमलेला असतो. घरात तसा कोणीच नेमलेला नसतो. कंपनीला वाटते घर कर्मचाऱ्याचे आहे, आणि कर्मचाऱ्याला वाटते काम कंपनीचे आहे. या दोहोंच्या मधल्या फटीतून आग शिरते.

तीन पहाटा

काम आणि झोप एकाच छताखाली असेल तर काय घडू शकते, हे महाराष्ट्राने अलीकडच्या काळात तीनदा पाहिले आहे.

३० ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या पूर्णानगर येथे हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानातच झोपलेले आईवडील आणि त्यांची दोन मुले असे चौघे मरण पावले. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण गेले. आगीच्या ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याही नव्हत्या. धुरामुळे गुदमरून त्यांचा मृत्यू झाल्याचे प्राथमिक तपासात दिसून आले. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान व वर घर असलेल्या एकमजली वास्तूत आग लागली. तेथेही एकाच कुटुंबातील सात जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील विजेच्या वायरिंगपासून आग पसरल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

आपले टेबल म्हणजे काही दुकान नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. आपल्याकडे तेवढा माल नसतो. परंतु या तिन्ही घटनांतील तीन समान गोष्टी आपल्या घरालाही लागू पडतात. पहिली, तिन्ही वेळा पहाट होती आणि माणसे झोपेत होती. दुसरी, कामाची जागा आणि झोपण्याची जागा यांच्यात अंतर नव्हते. तिसरी, आगीपेक्षा धूर आधी पोहोचतो. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच, असा भरवसा धरता येत नाही.

आग लागते कशी? थोडा हिशोब

विद्यार्थ्यांनी हा भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचावा. आपल्या घरात वीज सुमारे २३० व्होल्ट दाबाने येते. लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. २३० ला ६ ने गुणले की १,३८० येतात. म्हणजे ६ अँपिअरच्या बोर्डावर सर्व मिळून १,३८० वॅटपेक्षा अधिक भार टाकणे योग्य नाही.

आता आपले सामान मोजू. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅट, मॉनिटर ३० वॅट, राउटर १० ते १५ वॅट, मोबाईलचे दोन चार्जर ४० वॅट. बेरीज दीडशेच्या आसपास. म्हणजे नुसत्या कार्यालयी सामानाने बोर्ड जळत नाही. परंतु त्याच बोर्डाला १,००० वॅटची इस्त्री लावली की बेरीज १,१५० होते, आणि स्वस्त बोर्डाची सैल पट्टी तापू लागते. १,५०० वॅटची पाणी तापवण्याची किटली लावली, तर ती एकटीच मर्यादा ओलांडते. घरातील कार्यालयाचा धोका लॅपटॉपमध्ये कमी, आणि लॅपटॉपच्या बोर्डावर स्वयंपाकघर येऊन बसते त्यात अधिक आहे.

"आमच्याकडे एमसीबी आहे, तो आपोआप पडेल," असे अनेक जण म्हणतात. येथेच फसगत होते. पॉवर प्लगच्या वाटेवर बहुधा १६ अँपिअरचा एमसीबी असतो. तो सुमारे ३,६८० वॅटपर्यंत भार मुकाट्याने जाऊ देतो. तो भिंतीतील जाड वायरचे रक्षण करतो. आपण बाजारातून आणलेल्या बोर्डाच्या बारीक वायरचे नाही. ती वायर जळून जाईपर्यंत एमसीबी स्वस्थ बसू शकतो. त्याचप्रमाणे प्लग सैल असेल, तर भार थोडा असूनही त्या एका जागी उष्णता साठत जाते. प्लगची पिन तपकिरी होणे, बोर्ड हाताला गरम लागणे, चरचर आवाज येणे, दिवा लुकलुकणे या सर्व आगीने आधी पाठवलेल्या चिठ्ठ्या होत. त्या वाचायला शिकले पाहिजे.

दुसरा धोका बॅटरीचा. लॅपटॉप, मोबाईल, पॉवर बँक आणि इलेक्ट्रिक स्कूटर यांत लिथियम-आयन बॅटरी असते. ती दबली, फुगली, किंवा भलत्याच चार्जरवर लावली तर आतल्या आत तापत जाते, आणि एका मर्यादेनंतर तिचे तापणे आपल्या हाती राहत नाही. म्हणून फुगलेली बॅटरी एक दिवसही वापरू नये. मोबाईल उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला लावू नये. परीक्षेच्या दिवसांत रात्री लॅपटॉप अंथरुणावर ठेवून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गादीमुळे लॅपटॉपची खालची हवेची वाट बंद होते. स्कूटरची बॅटरी बाहेर जाण्याच्या दाराजवळ किंवा जिन्यात चार्ज करू नये, कारण ती पेटली तर पळण्याची वाटच बंद होते.

वीज गेल्यावर काम थांबू नये म्हणून अनेक घरांत इन्व्हर्टर असतो. त्याची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. हा वायू पेट घेणारा आहे. म्हणून ती बंद कपाटात ठेवू नये आणि तिच्याजवळ मेणबत्ती किंवा अगरबत्ती लावू नये.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून राज्यात अमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार, कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीत आगीपासून संरक्षणाची साधने बसवणे आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावयाचे असते.

यातील 'भोगवटादार' हा शब्द महत्त्वाचा आहे. भोगवटादार म्हणजे ती जागा प्रत्यक्ष वापरणारा. त्यात स्वतःच्या घरात राहणारा मालक येतो, तसाच भाडेकरूही येतो. म्हणजे "घर माझ्या नावावर नाही" असे म्हणून हात झटकता येत नाहीत. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या पुढील वार्षिक सभेत सचिवांना एक साधा प्रश्न विचारावा : या जानेवारीचे आणि जुलैचे प्रमाणपत्र आहे काय? असल्यास फलकावर लावावे. हा प्रश्न विचारणे म्हणजे भांडण नव्हे. तो सभासदाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे.

जबाबदारीची वाटणी

जबाबदारी सर्वांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही. म्हणून ती नावाने वाटून द्यावी.

१. घरून काम करणारी व्यक्ती : आपले टेबल, वायर, बोर्ड आणि चार्जर यांची जबाबदारी तिची. बोर्ड आयएसआय चिन्हाचा असावा. एका बोर्डात दुसरा बोर्ड लावू नये. वायर सतरंजीखालून नेऊ नये, तिची सुरळी करून बांधू नये. काम संपले की बटण बंद करावे. शाखेत जसा शेवटचा माणूस पाहून जातो, तसे झोपण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे.

२. काम देणारी कंपनी किंवा मालक : त्यांनी दिलेला चार्जर व लॅपटॉप सुस्थितीत असावा. चार्जर खराब झाल्यास बाजारातील स्वस्त चार्जर विकत न घेता कंपनीकडे लेखी मागणी करावी. संकोच करू नये. दोन ओळींचा ईमेल पुरेसा आहे, आणि पुढे तोच आपला पुरावा ठरतो.

३. कुटुंबातील वडीलधारी मंडळी : मेन स्विच कोठे आहे आणि तो कसा बंद करावा, हे घरातील प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालाही, प्रत्यक्ष दाखवावे. मेनपुढे कपाट ठेवू नये. खिडकीला लोखंडी जाळी असेल, तर तिला एक उघडणारी झडप असावी आणि तिच्या कुलपाची किल्ली शेजारीच, मुलाचा हात पोहोचेल अशी टांगलेली असावी.

४. घरमालक व गृहनिर्माण संस्था : जुनी वायरिंग बदलणे, जिना व मार्गिका मोकळ्या ठेवणे, उंच इमारतीतील रेफ्युज एरियाला कुलूप न लावणे ही त्यांची कामे. आणि जिन्यात आपलीच सायकल, आपलेच जुने कपाट ठेवलेले असेल, तर ते आज काढणे हे आपले काम.

साधने किती लागतात?

फार नाही. आयएसआय चिन्ह असलेले एक लहान एबीसी पावडरचे अग्निशामक नळकांडे दाराजवळ असावे. ते विजेच्या आगीवरही चालते. त्याच्या काट्याकडे महिन्यातून एकदा पाहावे. काटा हिरव्या भागात असला पाहिजे. दुसरे म्हणजे बॅटरीवर चालणारा धुराचा इशारा देणारा यंत्रसंच. तो झोपण्याच्या खोलीबाहेर छताला लावता येतो. वर सांगितलेल्या तिन्ही दुर्घटना पहाटे घडल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. तिसरे, जाणकार वायरमनकडून विद्युत गळती ओळखणारा आरसीसीबी बसवून घ्यावा आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. जुन्या वायरिंगच्या घरात हा खर्च नव्या मोबाईलच्या आधी करावा, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आग लागलीच तर

१. मोठ्याने ओरडून सर्वांना उठवा. मेन बंद करता येत असेल तर बंद करा.

२. वीज चालू असताना पाणी टाकू नका. आम्ही तीच चूक करणार होतो.

३. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल आणि आपली पाठ दाराकडे असेल तरच नळकांडे वापरा. पिन काढा, तोंड आगीच्या मुळाशी रोखा, दांडा दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. लहान नळकांडे काही सेकंदांतच संपते. तेवढ्यात आग विझली नाही तर बाहेर पडा.

४. बाहेर पडताना पेटलेल्या खोलीचे दार ओढून घ्या. बंद दार धुराला बराच वेळ थोपवते.

५. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत रांगत जा. लिफ्ट वापरू नका.

६. अंगावरील कपडे पेटल्यास पळू नका, जमिनीवर लोळा.

७. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ वर फोन करा. पत्ता, मजला आणि आत कोणी अडकले आहे काय, हे स्पष्ट सांगा.

८. लॅपटॉप, कागदपत्रे, दागिने यांसाठी परत आत जाऊ नका. कंपनीचा लॅपटॉप कंपनी दुसरा देईल.

विम्याविषयी दोन शब्द

बँकेच्या काउंटरवर बसून जे दिसते ते सांगतो. गृहकर्ज घेताना अनेक जणांकडून घराच्या विम्याचा हप्ता भरला जातो. परंतु त्या विम्यात काय आहे, हे फार थोडे जण वाचतात. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देतात. तीत इमारतीबरोबर घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतके संरक्षण धरलेले असते. उदाहरणार्थ, इमारतीचा विमा ३० लाखांचा असेल तर सामानासाठी ६ लाख. परंतु हे घरगुती सामानाचे संरक्षण आहे. शिवणयंत्रे, झेरॉक्स मशीन, विक्रीचा माल यांसाठी छोट्या व्यवसायांची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे. म्हणून "मी घरात अमुक व्यवसाय करतो, तो या विम्यात धरला आहे काय?" असा प्रश्न विमा कंपनीला लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. जुने हप्ते भरलेले असूनही एका ओळीच्या माहितीअभावी दावा अडकू नये.

समारोप

१४ एप्रिल हा दिवस आपल्या घरोघरी जयंतीचा दिवस म्हणून साजरा होतो. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. ती आग विझवताना अग्निशमन दलाच्या अनेक जवानांनी प्राण दिले, त्यांची ही आठवण. जयंतीच्या दिवशी घर स्वच्छ करण्याची आपली रीत आहेच. त्याच दिवशी दरवर्षी घरातील वायरी, बोर्ड, मेन स्विच आणि खिडकीची किल्ली तपासण्याचीही रीत पाडली, तर ती लक्षात राहायला सोपी जाईल.

आमच्या घरात आता मेनपुढचे कपाट नाही. दाराजवळ नळकांडे आहे. इस्त्री भिंतीतील पॉवर प्लगलाच लागते. पुतण्या पुढे नोकरीसाठी पुण्यास गेला. तेथील भाड्याच्या खोलीत शिरल्यावर त्याने पहिल्याच दिवशी फोन करून सांगितले, "काका, मेन कुठे आहे ते बघितलं."

सभासद बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचून झाल्यावर उठून आपल्या टेबलाखाली एकदा वाकून पाहावे आणि बोर्डाला हात लावावा. तो गरम लागला, तर तो आजच बदलावा.